नदीकाठ नेमका कुठं संपतो? पानशेतपासून कुकडीपर्यंत पूररेषेची गोष्ट

श्रावणाच्या आगेमागे एक मेसेज आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतो. ‘धरणातून विसर्ग वाढवण्यात आला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ कधी येडगाव, कधी वडज, कधी डिंभे. धरणाचं नाव आणि आकडा बदलतो, बाकी मजकूर तोच. त्यातला विसर्ग मोजलेला असतो, अगदी क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर नदीत रिकामे होतात, असं समजा. पण त्याच मेसेजमधला ‘नदीकाठ’ कुणी मोजून सांगत नाही. काठ म्हणजे कुठपर्यंत? पात्राच्या कडेची बाभळ, मोटारीची खोली, की त्याच्या वरचा नवा प्लॉट?

याचं उत्तर सरकारदरबारी १९८९ पासून लिहून ठेवलेलं आहे. निळी रेषा आणि लाल रेषा. पुण्या-सांगलीत हे शब्द रिक्षावाल्यालाही माहीत झालेत, कारण तिथं पाणी घरात शिरलं. आपल्या जुन्नर-आंबेगावात पाच मोठी धरणं आहेत, पण या रेषांची चर्चा चहाच्या टपरीवर ऐकू येत नाही. म्हणून आज थोडं लांबचं लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

आधी जुन्या माणसांची रीत बघू. गावात दोन जमिनी असायच्या, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीवर राहायचं. पांढरी बहुतेक ठिकाणी उंचावर. नदीलगतच्या मळईत माणूस कलिंगड लावायचा, वांगी लावायचा, पण घर बांधायचा नाही. पुरानं मळई नेली तर एक हंगाम जाई, संसार जात नसे. त्यासाठी नकाशा लागत नव्हता. नदी दर दोन-चार वर्षांनी स्वतःच येऊन हद्द दाखवून जायची. (कुकडी जिथं उगम पावते, त्या कुकडेश्वराच्या गावाचं नावच ‘पूर’ आहे. पण हे पूर म्हणजे नगर या अर्थाचं. बाहेरचे पाहुणे ते नाव ऐकून उगाच दचकतात.)

मग धरणं आली. ती यायलाच हवी होती, हे आधीच सांगतो. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. या कुकडी प्रकल्पानं जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा एवढे तालुके भिजवले. आपल्याकडचा ऊस, टोमॅटो, द्राक्षं, कांदा हे सगळं त्याच पाण्यावर. डिंभ्यासाठी तर जुनं आंबेगाव गावच पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव देणारं गाव आज जलाशयाच्या तळाशी आहे. तेव्हा धरणांविरुद्ध तक्रार करायला ही पोस्ट नाही. धरणांनी नदीची सवय बदलली आणि आपण त्या नव्या सवयीवर विसंबून बांधकामं केली, त्याबद्दल आहे.

पूररेषेची गोष्ट सुरू होते १२ जुलै १९६१ ला. पुण्याच्या वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधून होत आलं होतं. काम ठरल्या वेळेच्या आधी उरकून त्याच पावसाळ्यात पाणी साठवायचं ठरलं. विमोचकाच्या दरवाजांचं काम अपुरं, पाऊस जोरात. विमोचकाच्या वरचा भराव खचायला लागला. रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यावर आदळलं. खडकवासला दगडी, एकोणिसाव्या शतकातलं, तोवर भक्कम मानलेलं. त्याच दिवशी तेही गेलं. दुपारपर्यंत शनिवार, नारायण पेठा, डेक्कनकडचा भाग पाण्याखाली. शहराचं पिण्याचं पाणी खडकवासल्यातूनच यायचं, म्हणजे पूर ओसरल्यावर पुणं तहानलेलं. चौकशी आयोग नेमला. त्याचे पहिले अध्यक्ष न्या. बावडेकर यांचा चौकशी सुरू असतानाच मृत्यू झाला, पुढं न्या. नाईक यांनी ती पूर्ण केली. गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि त्या सोसायट्यांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न पुढं कित्येक दशकं फायलीत फिरत राहिला. पूर एका दिवसाचा, कागद साठ वर्षांचे.

त्या पुराच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा पुण्यात काही ठिकाणी अजून आहेत. एका अर्थानं तीच लोकांनी पाहिलेली पहिली पूररेषा. पण भिंतीवरची खूण झालेलं सांगते. पुढं काय होऊ शकतं हे सांगायला हिशोब लागतो.

तो हिशोब सरकारनं उशिरा मांडला. १९७५ मध्ये केंद्रीय जल आयोगाच्या पुढाकारानं पूरमैदानाचे पट्टे पाडण्याबाबत नमुना विधेयक तयार झालं आणि राज्यांना पाठवलं गेलं. नदीलगत कुठं काय चालेल, काय चालणार नाही, हे कायद्यानं ठरवा, असा त्याचा अर्थ. मणिपूरनं १९७८ मध्ये कायदा केला, राजस्थाननं १९९० मध्ये, उत्तराखंडनं २०१२ मध्ये. पानशेत भोगलेल्या महाराष्ट्रानं कायदा केला नाही, परिपत्रक काढलं. सप्टेंबर १९८९, पाटबंधारे विभाग. आजही आपल्याकडं पूररेषा म्हणजे मुळात तेच परिपत्रक, पुढं त्यात सुधारणा होत गेल्या.

परिपत्रकात आहे काय ते साध्या भाषेत सांगतो. नदीला पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यातलं जे जास्त असेल ते पाणी जिथपर्यंत पोचतं, ती निळी रेषा. दोन्ही काठांच्या निळ्या रेषांमधला भाग निषिद्ध. तिथं शेती, बाग, मैदान, मोकळी जागा चालेल, नवं घर नाही. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथं पोचतं ती लाल रेषा. निळी ते लाल हा भाग नियंत्रित. तिथं बांधता येतं, पण अटींवर. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत त्यातली मुख्य अट अशी की जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर पाहिजे, म्हणजे साधारण दीड फूट.

आणि आपल्यासारख्या धरणांच्या तालुक्यासाठी महत्त्वाचं पुढंच आहे. धरणाच्या खालच्या बाजूला लाल रेषा काढताना सांडव्याचा संकल्पित विसर्ग धरतात, म्हणजे सांडवा जास्तीत जास्त जेवढं पाणी सोडेल असं गृहीत धरून बांधलाय तेवढं. त्यात धरणाच्या खाली पडणाऱ्या पावसाचं पाणी मिळवायचं. थोडक्यात, धरणाखालची लाल रेषा तुमच्या आजोबांनी पाहिलेल्या पुरावरून काढलेली नसते. ‘आमच्या हयातीत इथवर पाणी आलं नाही’ हे वाक्य खरं असूनही तिथं उपयोगाचं नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनीही बराच घोळ घातलाय. लोकांना वाटतं २०१९ ला येऊन गेला, आता २११९ पर्यंत निवांत. तसं नसतं. दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि नदीला मागच्या वर्षाची आठवण नसते. तीस वर्षांच्या गृहकर्जावर लाल रेषेला लागून घर घेतलं तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता साधारण २६ टक्के. निळ्या रेषेच्या पुराचं तर पंचवीस वर्षांत ६४ टक्के. एवढी खात्री असती तर कुणीही कांदा चाळीत भरून ठेवला असता.

आता रेषा कागदावर असूनही काय होतं, ते कृष्णाकाठानं दाखवलं. २००५ ला सांगली बुडाली. वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट बसला, २००७ मध्ये अहवाल आला. २०१९ ला सांगली पुन्हा बुडाली, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ पेक्षा जास्त. समिती नेमली, अध्यक्ष पुन्हा वडनेरे. अलमट्टीवर वर्षानुवर्षं भाषणं झाली, पण पूरक्षेत्रातल्या बांधकामांकडं समितीनं बोट दाखवलं. दोन समित्यांच्या मधल्या बारा-चौदा वर्षांत नदीकाठी किती स्लॅब पडले, ते सांगलीकरांना विचारा.

मुठेची गोष्ट त्याहून बोलकी. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकची आणि लाल रेषा एक लाख क्युसेकची धरलेली आहे. म्हणजे हिशोबानं साठ हजार क्युसेक सुटेपर्यंत निळ्या रेषेबाहेर पाणी यायला नको. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून ३५ हजारांच्या आसपास सुटलं आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांना बोटीनं काढावं लागलं. त्या रात्री धरणाखालीही प्रचंड पाऊस होता, हे धरलंच पाहिजे. पण पात्रात राडारोडा, भराव, रस्ते, भिंती, पुलांचे खांब अशी भर पडत गेली की तेवढंच पाणी जास्त उंचीवरून वाहतं, हे शाळेतलं गणित आहे. रेषा कागदावर जागच्या जागी राहते, नदीखालचं तळ वर येतं. त्यामुळं पूररेषा एकदा काढली की संपलं असं होत नाही, पात्र बदललं की ती परत मोजायला लागते. पुण्यातल्या कार्यकर्त्यांना त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं.

इथं थोडं बाहेर जाऊन येऊ. अमेरिकेत नदीकाठी मातीचे लांबच लांब बांध असतात. तिथल्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची, फेमाची, एक पद्धत आहे. बांधाला दाखला लागतो. शंभर वर्षांच्या पुराच्या पातळीपेक्षा किमान तीन फूट उंच, पाया आणि भराव तपासलेला, देखभालीची लेखी योजना, इंजिनिअरची सही. हे सगळं असलं तरच सरकारी नकाशावर बांधामागची वस्ती कमी धोक्याची दाखवतात आणि तिथल्या घरमालकाची पूरविम्याची सक्ती उठते. दाखला नसेल तर नकाशात बांध नाहीच असं धरून धोका दाखवतात. आणि दाखला देतानाही तीच संस्था सांगते की याचा अर्थ पाणी कधीच येणार नाही असा नाही. २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे बांध आणि भिंती फुटल्या, तेव्हा ते जगानं बघितलं.

आपल्याकडं भिंत बांधतात, तिला ‘पूरसंरक्षक भिंत’ म्हणतात, नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो. तिची उंची कुठल्या पुराला धरून, पाया किती खोल, दर पावसाळ्याआधी तपासायची कुणी, याचा दाखला मागायची पद्धतच नाही. नावातच ‘संरक्षक’ असल्यामुळं भिंतीमागची गुंठेवारी मात्र दुसऱ्या वर्षी सुरू होते.

बिहारनं हे मोठ्या प्रमाणावर भोगलंय. १९५० च्या दशकात तिथं जेमतेम १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण जमीन २५ लाख हेक्टर. तटबंध साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढं गेले, पूरप्रवण जमीन ६८ लाख हेक्टरवर. गाळ दोन बांधांमध्ये अडकून पात्र वर आलं आणि बाहेरचं पाणी आत शिरायला वाट राहिली नाही. कोसीचा तटबंध साडेनऊ लाख क्युसेक सोसेल असा बांधला होता. १८ ऑगस्ट २००८ ला तो नेपाळमध्ये कुसहाजवळ फुटला, तेव्हा नदीत दीड लाख क्युसेकसुद्धा नव्हते. साठ हजारांच्या रेषेच्या आत पस्तीस हजारांत बुडालेली एकतानगरी वाचून आलात, तर हा हिशोब ओळखीचा वाटेल.

बांधानं जे तिथं केलं ते आपल्याकडं धरणांनी केलं. पाच-पंचवीस वर्षांत येणारे लहान-मध्यम पूर धरण पोटात घेतं. धरण निम्मं रिकामं असताना आलेला जुलैचा लोंढा खाली जाणवतही नाही. लोकांच्या नजरेत नदी आटते, ओढ्यासारखी होते. पात्रात आधी मोटार, मग शेड, मग गोठा, मग स्लॅब. पण आपली धरणं सिंचनासाठी आहेत, पुरासाठी वेगळी जागा राखून ठेवलेली नसते. ऑगस्टअखेर धरण काठोकाठ भरलं की वरून येईल तेवढं खाली सोडावंच लागतं. गेट उघडणाऱ्या माणसाच्या हातात मग फारसं काही उरत नाही. म्हणजे नदी दरवर्षीची हद्द दाखवायची बंद झाली आणि मोठ्या पुराची हद्द होती तिथंच राहिली.

आता घरचा नकाशा डोळ्यासमोर आणा. माणिकडोहच्या खाली कुकडीकडेला जुन्नर शहर. वडजच्या खाली मीनेवर नारायणगाव, वारूळवाडी. डिंभ्याच्या खाली घोडेगाव. ओतूरला मांडवी, तिच्यावर वर चिल्हेवाडीचं धरण, आणि कपर्दिकेश्वराची श्रावणातली यात्रा भरते ती नदीकाठीच, ऐन पाण्याच्या दिवसांत. आणि इतर चार धरणांचं पाणी नदीनं नाहीतर कालव्यानं शेवटी येतं ते येडगावात. पिंपरी पेंढारचे वाचक म्हणतील, आम्ही कल्याण-नगर हायवेवरचे, आम्हाला काय. तुमचा प्लॉट कुठं आहे? पोराच्या नावावर नारायणगावात गुंठा-दोन गुंठे घेतलेत ना? माहितीपत्रकावर ‘रिव्हर टच’ असं ठळक छापून त्याचे जास्त पैसे घेणाऱ्याला एकदा विचारा की ही ‘टच’ निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर. सातबाऱ्यावर पूररेषेचा रकाना नसतो. खरेदीखतात शोध घेतला तरी ती सापडत नाही. ती असली तर जलसंपदाच्या नकाशात असते, आणि तो नकाशा तुम्ही मागितल्याशिवाय तुमच्याकडं येत नाही.

माणिकडोहची साठवण दहा टीएमसीच्या घरात, डिंभ्याची बाराच्या वर. पानशेतची साडेदहाच्या आसपास. ही तुलना घाबरवायला केलेली नाही. पानशेत अर्धवट बांधलेलं भरलं म्हणून गेलं, आपली धरणं कित्येक पावसाळे उभी आहेत. पण पानशेतच्या मागं खडकवासला गेलं, तसं एकाखाली एक अशी माणिकडोह आणि येडगाव याच नदीवर आहेत. वरच्या धरणाचा विचार करताना खालच्याचाही करायला लागतो. आणि मोठ्यांचंच कशाला, २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं, ते छोटंच होतं. धरणाखालची वाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली.

धोक्याचा नकाशा आधी नसतो तेव्हा काय होतं, ते आंबेगावला वेगळं सांगायला नको. ३० जुलै २०१४, माळीण. तिथं पूर नव्हता, दरड होती. दीडशेवर माणसं गेली. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्या आणि पाहण्यांना जोर आला, त्याआधी कुठल्या वाडीच्या डोक्यावर डोंगर सुटायला आलाय याचा कागद गावाकडं नव्हता.

आता या सगळ्यात एक नवी तारीख आली आहे, त्यासाठीच मुख्यतः ही पोस्ट. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं त्यात येतात, म्हणजे आपली पाचही. या कायद्यानुसार आधीपासून भरत असलेल्या प्रत्येक धरणासाठी त्याच्या मालकानं, म्हणजे आपल्याकडं जलसंपदा विभागानं, पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे. धरणाला काही झालं किंवा अफाट विसर्ग करावा लागला तर कुठला भाग बाधित होईल, कुणाला कसं कळवायचं, माणसं कुठं हलवायची, हे त्यात यायला हवं. पूररेषा परिपत्रकावर उभी होती. हा आराखडा कायद्यानं बंधनकारक आहे. पाच वर्षं भरतात ३० डिसेंबर २०२६ ला.

आराखडा तयार झाला आणि विभागाच्या कपाटात राहिला, तर तो गावाच्या काय कामाचा? एकतानगरीच्या लोकांना पहाटे झोपेतून उठून पाणी बघायला लागलं, तेव्हाही पुण्याच्या नकाशावर दोन्ही रेषा होत्याच. तेव्हा नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि ठराव करून कागद मागावेत. ग्रामपंचायत मागत नसेल तर तुम्ही मागा. नारायणगावला कुकडी पाटबंधारे विभागाचं कार्यालय आहे. माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात एवढंच विचारा:

आमच्या गावाच्या हद्दीत नदीची निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे का, असल्यास कोणत्या वर्षी आणि किती क्युसेक विसर्ग धरून; गट नंबरसह नकाशाची प्रत द्यावी; ती ग्रामपंचायत, तहसील आणि नगररचना कार्यालयाला कधी पाठवली त्या पत्रांच्या प्रती द्याव्यात; आणि आमच्या वरच्या धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा झाला असल्यास त्यातल्या बाधित गावांची यादी द्यावी.

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्यायला विसरू नका. उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आलं की कमेंटमध्ये टाका, ज्या गावाचं येईल त्या गावाचं नाव घेऊन पुढची पोस्ट लिहितो.